नारळाएवढं डोकं

दहापैकी चार. खाली लाल शाईत शेरा: ‘हे युद्ध आहे की क्रिकेटची जर्सी?’ अक्षर माझंच.

उपयोजित कला शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत मारलेल्या शेऱ्यांपैकी बहुतेक मी विसरलो आणि ज्यांच्या कागदांवर मारले तीही विसरली असतील अशी आशा आहे. हा एक मात्र अधूनमधून वर येतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विषय दिला होता: कोणत्याही युद्धपटाचं पोस्टर, अट एवढीच की नटाचा चेहरा वापरायचा नाही. एका मुलीने ‘टॉप गन’ घेतला. राखाडी भिंत, भिंतीवर ओळीने खुंट्या, खुंट्यांवर नौदलाच्या वैमानिकांची हेल्मेटं. प्रत्येकाची रंगसंगती वेगळी, प्रत्येकाच्या कपाळावर नाव. विमान नाही, धूर नाही, सूर्यास्तही नाही. उजव्या टोकाची खुंटी रिकामी. त्या रिकाम्या जागेबद्दल ‘रचना उजवीकडे ढासळते’ असं लिहून मी एक गुण कापला, आणि बाकीचे रंगांबद्दल.

कारण रंगवलेल्या हेल्मेटांबद्दल माझं मत पक्कं होतं. वर्गात, फिल्म सोसायटीच्या चहावर, कुणी विचारलं नाही तरीही मी ते सांगत असे. मत असं: युद्धपटांतली ही नक्षीदार हेल्मेटं म्हणजे निव्वळ वेष्टन. साबणाच्या वडीला जसा रंगीत कागद, तसं माणसाला हेल्मेट. मारायला निघालेल्या माणसाला खेळाडू करून टाकायचं, पोरांच्या खोलीत त्याचं चित्र लागेल अशी सोय करायची, की झालं.

माझ्याकडे पुरावेही होते. ‘टॉप गन’चा दिग्दर्शक टोनी स्कॉट हा मुळात जाहिरातींतला माणूस. साब कंपनीच्या मोटारीची लढाऊ विमानाशी शर्यत लावणारी त्याची एक जाहिरात गाजली होती आणि तिच्यामुळेच हा चित्रपट त्याच्याकडे आला, हे मी दरवर्षी नव्या वर्गाला सांगायचो. १९८६ साली चित्रपट लागला तेव्हा अमेरिकेत काही थिएटरांबाहेर नौदलाने भरतीची टेबलं मांडली होती, हेही सांगायचो. पण माझं लाडकं अस्त्र तिसरं होतं. सत्तरचं दशक संपता संपता अमेरिकी नौदलाने आपल्या विमानांवरचे भडक रंग आणि स्क्वाड्रनची मोठमोठी चिन्हं पुसायला घेतली, सगळं फिकट राखाडी करून टाकलं. विमान आकाशात दिसू नये म्हणून. मग मी टेबलावर हात आपटून विचारायचो, विमान लपवता आणि आतल्या माणसाच्या डोक्यावर पट्टे ओढता, हे कुठलं शहाणपण? वर्ग हसायचा. वर्ग हसला की शिक्षकाला आपण बरोबर आहोत असं वाटू लागतं, हा या धंद्यातला जुना रोग.

एक गोष्ट मात्र मी वर्गात कधी सांगितली नाही. तो चित्रपट मी तिकीट काढून तीनदा पाहिला होता. तिसऱ्यांदा एकटाच गेलो होतो, घरी न सांगता. इतका राग कशाचा होता, ते आता थोडं कळतं.

माझं मत बदललं ते गोव्यात. एकदम नाही, आणि कुठला ग्रंथ वाचूनही नाही.

२०१७ साली नात्यातल्या एका लग्नाला वास्कोला गेलो होतो. मुहूर्त संध्याकाळचा, दुपार मोकळी, म्हणून दाबोळीजवळचं नौदलाचं विमानसंग्रहालय बघायला गेलो. आवारात जुनी विमानं उघड्यावर उभी आहेत. ‘सी हॉक’पाशी मी बराच वेळ घुटमळलो. १९७१ च्या डिसेंबरात ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून उडून चितगाव आणि कॉक्स बझारवर गेलेली विमानं या जातीची. जवळ गेल्यावर सगळ्यात आधी जाणवतं ते त्याचं लहानपण. कॉकपिट म्हणजे एखाद्या कारकुनाची खुर्ची मावेल एवढी जागा.

सावलीतल्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. वेंगुर्ल्याकडचे, नौदलातून निवृत्त. वैमानिकांची पॅराशूट, लाइफ जॅकेट, मास्क, हेल्मेटं तपासून तयार ठेवणाऱ्या विभागात त्यांची सगळी नोकरी झालेली. आदल्याच वर्षी इथे दाबोळीला ‘सी हॅरियर’ विमानांना निरोप दिला गेला होता, त्याबद्दल ते बोलत होते. मी शिक्षक आहे म्हटल्यावर ‘मास्तर’ म्हणू लागले. आणि मी, सवयीने, माझं भाषण सुरू केलं. वेष्टन, साबण, राखाडी विमान, लाल डोकं. नेहमीच्या जागी हसण्यासाठी थांबलोसुद्धा.

ते हसले नाहीत. म्हणाले, “मास्तरांनू, दर्यात माणूस म्हणजे नारळ हो. तेवढोच दिसता.” मग जरा थांबून, “आणि खरे नारळय तरंगत असतत.”

पुढचं त्यांनी सावकाश, शाळेत समजावतात तसं सांगितलं. विमान सोडून बाहेर पडलेला वैमानिक पाण्यात पडतो. लाइफ जॅकेट त्याला तरंगवतं, पण अंग पाण्याखालीच. वर राहतं डोकं. शोधायला येतं ते हेलिकॉप्टर, आणि वरून बघणाऱ्याला खाली काय दिसतं? चकाकी, फेस, लाटांच्या सावल्या. पाण्यात हिरवा रंग सोडायची पुडी असते, ज्योत असते, शिट्टी असते. पण त्यासाठी हात चालायला हवेत आणि शुद्ध असायला हवी. शुद्ध नसली तर माणसाच्या वतीने बोलायला एकच गोष्ट उरते, ती त्याच्या डोक्यावर असते. रात्री तर त्याहून. म्हणून चमकणारी टेप.

त्या टेपची गंमत मला ठाऊक होती, आम्ही साइनबोर्डाच्या तासाला ती शिकवतो. तिच्यात काचेचे अगदी बारीक मणी असतात. साधा आरसा प्रकाश भलतीकडे फेकतो. हे मणी प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवतात. म्हणजे ज्याने दिवा धरलाय त्यालाच ती टेप पेटलेली दिसते, बाजूला उभ्या असलेल्याला अंधारच. वर्षानुवर्षं मी हे रस्त्यावरच्या पाट्यांबद्दल सांगत आलो होतो. पाटीच्या जागी माणसाचं डोकं मी कधी ठेवून पाहिलं नव्हतं.

माझं लाडकं अस्त्र तिथेच, त्या बाकावर, मोडलं. विमान लपवायचं असतं शत्रूपासून. पण ते बुडाल्यावर उरलेल्या माणसाला लपून राहायचंच नसतं, त्याला सापडायचं असतं. डोक्यावरचा रंग मारायला येणाऱ्यासाठी नव्हताच, शोधायला येणाऱ्यासाठी होता. इतकी वर्षं मी चुकीच्या दिशेला उभा राहून ती हेल्मेटं बघत होतो.

त्यांनी स्वतः कुणाला असं शोधलं होतं का, मी विचारलं. ते ‘सी हॉक’कडे बघत राहिले. मीही पुन्हा विचारलं नाही.

परत आल्यावर वाचू लागलो. अमेरिकी नौदलात वैमानिकांची ही पॅराशूट-हेल्मेटं सांभाळणाऱ्यांना आजही ‘पॅराशूट रिगर’ या जुन्या नावाने ओळखतात. त्यांची जागा म्हणजे शिवणयंत्रं, लांबच लांब टेबलं, खुंट्यांवर टांगलेली हेल्मेटं आणि मास्क. हेल्मेटावरची बरीचशी नक्षी रंगाने काढलेली नसतेच, ती या चमकणाऱ्या टेपमधून कापलेली असते. टेप लावायचीच आहे ना, मग सरळ चौकोनी तुकडे कशाला, आपल्या स्क्वाड्रनचा वाघ-गरुड कापू, असा तो हिशेब. गरजेतून नक्षी निघाली. आपल्याकडे गोधडीचे टाके पडले ते काही सुंदर दिसावेत म्हणून नव्हे, पण टाके घालायचेच तर बाई ते ओळीत घालते.

जमिनीवर पडण्याची पाळी ज्यांच्यावर येई त्यांचं गणित उलटं. व्हिएतनाममध्ये अमेरिकी हवाई दलाच्या अनेकांनी पांढऱ्या हेल्मेटांवर झाडीत मिसळून जाणारी हिरवी-तपकिरी टेप चिकटवली. जंगलात सापडणं म्हणजे शत्रूच्याच हाती सापडणं. एकच टेप, एकच कात्री, पण खाली पाणी आहे की झाडी यावर तिचा अर्थ फिरतो. हे मी पूर्वी वाचलं असतं तर पोरांना किती छान शिकवलं असतं, असं वाटून हळहळलो. दुसऱ्याच क्षणी चार गुण आठवले.

मग जुने चित्रपट पुन्हा काढले. १९५४ चा ‘द ब्रिजेस अ‍ॅट टोको-री’ मी तरुणपणी पाहिला होता आणि त्यातलं एक पात्र मला तेव्हा पोरकट वाटलं होतं. कोरियाचं युद्ध, विमानवाहू नौका, बर्फासारखं पाणी. मिकी रूनीने केलेला हेलिकॉप्टरचा वैमानिक डोक्यावर चक्क हिरवी उंच टोपी आणि गळ्यात हिरवा रुमाल घालून हिंडतो. मारामाऱ्या करतो, वरिष्ठ वैतागतात. मला वाटायचं, विनोदासाठी घातलेलं सोंग आहे. आता पाहिलं तेव्हा लक्षात आलं की त्याचं काम पाण्यात पडलेल्यांना उचलण्याचं आहे. गारठलेल्या विल्यम होल्डनला लाटांमधून वर बघितल्यावर काय दिसतं, तर ती मूर्ख हिरवी टोपी. शोधणाऱ्याला नारळ दिसायला हवा हे खरं, पण नारळालाही शोधणारा दिसायला हवा. शेवटी ते दोघेही परक्या मुलखात एका चरात मरतात, तिथे टोपीचा काही उपयोग होत नाही. चित्रपट तेही लपवत नाही.

‘टॉप गन’ मात्र मी आवाज बंद करून पाहिला. गाणी, इंजिनं, संवाद सगळं बंद. पोस्टर शिकवणाऱ्याने चित्रपट एकदा तरी असा बघायला हवा. पहिल्या दहा मिनिटांतच कळलं की आकाशातल्या प्रसंगांत दिग्दर्शकाच्या हाती नटाचं जवळजवळ काहीच नाही. नाक-तोंड ऑक्सिजनच्या मास्कखाली, कपाळ हेल्मेटखाली, वरची काच खाली ओढली की डोळेही गेले. त्यात कॉकपिटमधले बरेचसे जवळचे शॉट जमिनीवर, हलत्या सांगाड्यात बसवून घेतलेले. विमानं म्हणाल तर सगळी राखाडी, सारखी. मग कोण कुठे आहे, कोण घाबरलंय, कुणाच्या मागे कोण लागलंय, हे प्रेक्षकाला कळणार कसं? कपाळावरच्या नावावरून आणि डोक्यावरच्या रंगावरून. आपल्याकडे पूर्वी पगडी बघूनच माणूस कुठला, कुणाच्या चाकरीतला हे ओळखायचे, तोंड नंतर बघायचे. इथे तोंड नाहीच. ते वेष्टन नव्हतं, तोच चेहरा होता. ज्या मुलीला मी ‘चेहरा न वापरता’ अशी अट घातली होती, तिने नेमका चेहराच काढून आणला होता.

आणि मग मागची सीट. ‘एफ-१४’ हे दोघांचं विमान; पुढे वैमानिक, मागे रडार सांभाळणारा सोबती. नायक मॅव्हरिकच्या मागे गूज बसतो. गूज मरतो, विमानातून बाहेर फेकलं जाताना वरच्या काचेच्या छतावर आपटून. त्यानंतर मॅव्हरिक पुन्हा उडतो तेव्हा मागच्या हेल्मेटावर नाव असतं सनडाउन. शेवटच्या चकमकीत तिथे मर्लिन. आवाज असताना संगीत तुम्हाला हाताला धरून नेतं, तुम्ही रडायच्या जागी रडता. आवाज नसताना एवढंच दिसतं: सीट तीच, तिरका कॅमेरा तोच, कपाळावरची अक्षरं वेगळी. मी चित्रपट मागे नेऊन तीनही जागा पुन्हा पाहिल्या. रिकामी खुंटी तेव्हा आठवली. रचना उजवीकडे ढासळत होती हे मी अगदी बरोबर लिहिलं होतं. ती ढासळावी म्हणूनच तिने ती तशी केली होती.

ती मुलगी पुढे कुठे गेली मला माहीत नाही. शोधून तिला हे सांगावं असं काही मित्र म्हणतात. पण पन्नाशीकडे आलेल्या बाईला उगाच फोन करून “तुझे सहा गुण द्यायचे राहिलेत” म्हणणं हे माझ्याच समाधानासाठी होईल, तिच्या नाही.

त्या कपाळावरच्या नावांबद्दल एक सांगायचं राहिलं. चित्रपटात नावं कशी भारदस्त: मॅव्हरिक, आइसमन, व्हायपर. प्रत्यक्षात ही नावं सोबती ठेवतात, आणि बहुधा एखाद्या फजितीवरून. आपल्या चाळीत एकदा कुणी दुधाचं पातेलं सांडलं की जन्मभर ‘सांडू’, तसंच. मराठीत त्याला टोपणनाव म्हणतात आणि इथे ते खरोखरच टोपणावर लिहिलेलं असतं, ही भाषेने फुकट दिलेली कोटी मी सोडणार नाही.

सगळंच मत बदललं असं मात्र नाही. एका जागी माझा जुना राग जसाच्या तसा आहे, उलट आता त्याला धार आली आहे. ‘टॉप गन’मधलं शत्रूचं विमान ‘मिग-२८’ म्हणून दाखवलंय. असं विमान अस्तित्वातच नाही. अमेरिकेचीच ‘एफ-५’ विमानं काळी रंगवून उडवली. आत बसलेल्यांच्या काचा खाली, काळ्या. नाव नाही, डोळे नाहीत. २०२२ च्या ‘टॉप गन: मॅव्हरिक’मध्येही तेच, शत्रूच्या देशालासुद्धा नाव नाही. त्याआधी १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने हाच धडा गिरवला होता: बंडखोर वैमानिकांची हेल्मेटं अमेरिकी नौदलाच्या हेल्मेटांवरून बेतलेली, रंगवलेली, तोंडं उघडी, समोरचे नखशिखांत काळे. हेल्मेट म्हणजे चेहरा असेल, तर ते कोऱ्या काळ्या रंगाचं ठेवणं म्हणजे चेहरा नाकारणं झालं. समोरचाही पडला असता तर कुठल्यातरी पाण्यात नारळाएवढाच दिसला असता. पूर्वी मी म्हणायचो, रंगवता कशाला? आता म्हणतो, रंगवताच आहात तर दोघांची रंगवा. तेवढी हिंमत असलेला नौदलाचा चित्रपट मी तरी पाहिलेला नाही.

२०२० मध्ये मॅव्हरिकचं हेल्मेट एका लिलावात एक लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. जुना मी असतो तर ही बातमी कापून वर्गाच्या फळ्यावर लावली असती.

त्याऐवजी गेल्या उन्हाळ्यात मी स्वतःच एक हेल्मेट सजवलं. भाचीने मोटरसायकल घेतली. हेल्मेट घेऊन आली आणि म्हणाली, “मामा, यावर ‘मॅव्हरिक’ लिहून दे. मराठीत.” मी म्हटलं, एका संध्याकाळचं काम. एकतीस वर्षं अक्षरं शिकवलेला माणूस मी.

आत चिकटवलेल्या कागदावर सूचना होती की रंग, थिनर लावू नये; प्लास्टिकचं कवच त्याने आतून कमजोर होतं. म्हणजे ब्रश बाद, टेपच कापायची. हेल्मेट उलट्या पातेल्यावर बसवलं, खडूने मध्यरेषा काढली, आणि पहिल्याच अक्षराला हरलो. सपाट कागद गोलावर बसतच नाही, कडेला चुण्या पडतात. संत्र्याच्या सालीसारखे काप देत देत टेप बसवावी लागते. त्यात देवनागरी. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी असतात, प्रत्येकाला गोलावर हवं तसं कलतं करून निभावता येतं. आपली शिरोरेषा अखंड. ती सरळ कापून चिकटवली की दोन्ही टोकं खाली उतरतात आणि सगळं नाव रडवेलं दिसतं. ती सरळ दिसावी म्हणून मुळात वाकडी कापावी लागते, टोकं वर उचलून, आणि कडेची अक्षरं मधल्यापेक्षा रुंद करून. मी चार शिरोरेषा फुकट घालवल्या. दोन संध्याकाळी गेल्या. खुंट्यांवरच्या त्या गोल हेल्मेटांवर त्या मुलीने सगळी नावं नजरेला सरळ दिसतील अशी बसवली होती, तेही वीस वर्षांच्या वयात, हे मला तेव्हा, कात्री हातात असताना आठवलं.

नाव जमलं एकदाचं. मग उरलेली लाल-पांढरी चमकणारी पट्टी, ट्रकच्या मागे लावतात तीच, मी न विचारता हेल्मेटाच्या मागच्या बाजूला आडवी चिकटवली. भाचीने आरशात पुढून पाहिलं, खूश झाली. मग मोबाइलवर मागचा फोटो काढून पाहिला.

“मामा,” ती म्हणाली, “पुढून पायलट आणि मागून ट्रक दिसतेय मी.”

पट्टी तिने काढलेली नाही. अजून तरी.